रंगरावतात्या आणि विगान

रंगरावतात्या रिकाम्या जागेला वाट मागतात. पडक्या घराच्या पायरीवर टेकण्याआधी, चिंचेखाली सायकल लावण्याआधी तात्या थांबणार, टोपी सारखी करणार आणि समोर चिटपाखरू नसताना म्हणणार, "जरा सरकता का, पावणं?" मग क्षणभर वाट बघणार. तेवढ्यात कुणीतरी सरकत असावं. मगच पाऊल टाकणार.

नवा माणूस हे पहिल्यांदा बघतो तेव्हा हसतो. दुसऱ्यांदा बघतो तेव्हा त्या मोकळ्या जागेकडं बघतो. कसबा बावड्यात मी त्यांचा शेजारी, पेशानं मास्तर. पोरांना भूतबित काही नसतं म्हणून शिकवतो. पण तात्यांबरोबर चालताना मीही त्या जागेला थोडा वळसा घालतो, हे खरं.

"कधी कुणाला बघितलंय का?" मी एकदा विचारलं.

"बघायला कशाला पायजे? यष्टीत मागनं धक्का बसला की तुमी वळून त्वांड बघता व्हय? सरकताच की!"

माझी मुलगी आर्या फिलिपिन्समध्ये डॉक्टरकी शिकते. गेल्या वर्षी तिला भेटायला निघालो, तेव्हा बायकोच्या गुडघ्यांनी ऐनवेळी दगा दिला. तात्यांची बायको मालनकाकू करोनात गेलेली, मुलगा दुबईला, घरी एकटेच. पासपोर्ट होता. मी सहज विचारलं, तर पिशवी भरून दारात हजर. विमानात त्यांनी शेजारच्या रिकाम्या सीटला रीतसर परवानगी मागितली. पलीकडच्या बाईंनी जागा बदलून घेतली.

आर्यानं आम्हाला विगानला नेलं. जुनं गाव. स्पॅनिश अमलातली दुमजली घरं, दगडी रस्ता, त्यावर टांगे. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या. त्यातून आतलं काही दिसत नाही. आत काही हललं तर दुधी उजेडात नुसती सावली सरकते. "यातल्या बऱ्याच घरांत कुणी राहत नाही," आर्या म्हणाली. दुपारची वेळ, रस्ता सुना. सावल्या मात्र सरकत होत्या. पडदे असतील, असं मी मनाशी म्हटलं.

आमचा टांगा एका बंद दारापुढं अडला. घोडा कान टवकारून उभा. टांगेवाला म्हातारा होता. त्यानं चाबूक उचलला नाही. पुढं वाकला आणि रिकाम्या रस्त्याला हळूच म्हणाला, "बारी-बारी, आपो." घोडा चालू लागला.

तात्यांनी माझं मनगट धरलं. "काय म्हनला त्यो?"

इंग्रजी तिथं टांगेवाल्यालाही येतं. आर्यानं विचारून सांगितलं, "न दिसणाऱ्यांना म्हणाला, आम्ही जातोय, रागावू नका."

तात्यांचा चेहरा काय फुलला! "मास्तर, ह्यो आपला माणूस हाय! बावड्यात सगळी मला खुळा म्हनत्यात!" उतरताना त्यांनी टांगेवाल्याला कडकडून मिठी मारली. त्या बिचाऱ्याला कारण कळलं नाही, पण त्यानंही मारली.

मग त्यांना सगळंच आवडायला लागलं. चौकात केशरी रंगाची मोठी करंजी तळून देतात. आत कच्ची पपई, अंडं, लसणाचं सॉसेज. "लसूण बघा, आपल्यावानी मुठीनं घालत्यात!" असं म्हणत त्यांनी दुसरी मागितली. कुंभारवाड्यात माणूस मावेल एवढे काळपट रांजण उभे होते. तात्यांनी एकात डोकं घालून विचारलं, "हाय का कोन?" आणि बराच वेळ तसेच वाकून ऐकत राहिले.

"काय उत्तर आलं?"

"ते तुमास्नी सांगायचं न्हाय."

मला हसू आलं. पण त्या रांजणांकडं पाठ करून उभं राहवेना.

शेवटी एका विणकर म्हातारीकडं गेलो. घरातच माग. कापडावर गोल भोवऱ्यांची नक्षी. फार वेळ बघितलं तर भोवरे फिरायला लागतात. वाईट काही घरात आलं तर याच भोवऱ्यांत त्याला घेरी येते, असं तिकडं मानतात. म्हातारी एकटीच राहायची. आम्ही निघालो तशी ती उंबऱ्यापर्यंत आली, मागं वळली आणि रिकाम्या घरात तोंड करून, गुरं परत बोलवावीत तशा सुरात हाक घातली, "इंतायोन! इंतायोन!"

माझ्या अंगावर काटा आला. तात्या जागच्या जागी थांबले.

"चला, चला, असा अर्थ आहे," आर्यानं विचारून सांगितलं. "माणूस निघतो, पण जीव कधीकधी तिथंच रेंगाळतो. म्हणून निघताना हाक मारायची."

तात्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "तिला इचार पोरी, हाक न मारताच कोन मागं ऱ्हायलं तर?"

"त्याच जागी जायचं. नाव घेऊन बोलवायचं. ओळखीच्या आवाजानं."

"आन् लई दिस झालं असलं तर?"

म्हातारीनं तात्यांकडं नीट बघितलं. "तरी जा, म्हणतेय ती," आर्या हळूच म्हणाली. "वाट बघत असणार."

त्या संध्याकाळी चौकातल्या बाकावर तात्या पहिल्यांदा काकूंविषयी बोलले. "मिरजंला दवाखान्यात हुती. मला फाटकाच्या आत सोडलं न्हाय. कुनाचा दोष न्हाय, तवा सगळ्यास्नीच तसं हुतं. तिकडनंच नेली. चल घरला, एवढं म्हनायला बी गावलं न्हाय." त्यांनी टोपी सारखी केली. "घरात किती बारी वाट मागून बघितली, मास्तर. ती सरकली असती तर मला कळलं असतं. सगळ्या जगात कोन ना कोन हाय. आमचं घर तेवढं रिकामं हाय."

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी त्यांना माझ्या गाडीनं मिरजेला नेलं. त्या वॉर्डात आता साधे पेशंट होते. सिस्टरनं का म्हणून विचारलं. मी काय सांगणार? "बायको हितं हुती," तात्या म्हणाले. सिस्टरनं वाट सोडली.

खाटांच्या मधोमध उभं राहून त्यांनी टोपी काढली. "मालन," त्यांनी खणखणीत हाक मारली, "चल. मी आलोय. घरला जाऊया." सगळी माणसं बघायला लागली. पंखा फिरत होता. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तात्या एकदम भिंतीकडं सरकले, दाराची वाट मोकळी करून दिली आणि मागोमाग चालू लागले.

मिरजेला येताना ते गाडीत माझ्या शेजारी बसले होते. आता मागचं दार उघडून मागं बसले. "एशी बंद करा," म्हणाले. "तिला सोसत न्हाय."

मी बंद केला. अंकलीचा पूल आला तसे तात्या बोलायला लागले. कुठं रस्ता रुंद झाला, शेजारी कुणाचं लग्न झालं, त्यांची सून कशी आहे. मग विगान. "तिकडं शिंपल्याच्या खिडक्या असत्यात बग. आन् करंजीत अंडं घालत्यात, खरंच!"

मी आरसा वर वळवून ठेवला आणि गाडी सावकाश घेतली. जयसिंगपूर मागं पडलं तरी ते बोलत होते. मध्ये मध्ये थांबायचे, ऐकल्यासारखे, आणि मग हसायचे.