पयलं रीडिंग धरायचं न्हाय

म्हात्रेला "बरं आहे" असं एकदा सांगून भागायचं नाही. सकाळी यायचा, डबा खिडकीत ठेवायचा आणि माझ्या टेबलापाशी उभा राहून विचारायचा, "मॅडम, बरं हाय ना?" मी म्हणायचे, "बरं आहे." तो मान हलवायचा, पण जागचा हलायचा नाही. पाच-सात सेकंद तसाच थांबून पुन्हा तेच, "बरं हाय ना?" पहिल्या दिवशी मला वाटलं, बिचाऱ्याला कमी ऐकू येतं. म्हणून दुसऱ्यांदा मी जवळजवळ ओरडलेच. तेव्हा तो समाधानाने म्हणाला, "पयलं रीडिंग धरायचं न्हाय मॅडम. कधीच न्हाय."

त्यानंतर मी रोज दोनदा "बरं आहे" म्हणून कामाला लागायचे. खोटं एकदा काय नि दोनदा काय, कष्ट तेवढेच.

आमचं ऑफिस नारपोलीत. तळमजल्यावर यंत्रमाग, वर आम्ही पाच जण. गोदामांना लागणारे प्रोग्राम आम्ही बनवतो. माल आला, माल गेला, पावती छापली, एवढंच. प्रोग्राम अडला की गोदामवाले फोन करून म्हणतात, "ओ मॅडम, तुमचं डबडं परत बसलं." ती मॅडम म्हणजे मी. वय बावन्न, गुडघे दुखतात, आणि आमच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. यावरून माझ्या एकंदर मूडची कल्पना यावी.

म्हात्रे खारबावचा. घरची जमीन होती, ती गोदामांखाली गेली. त्यामुळे घर तीन मजली, दाराशी दोन गाड्या, आणि हा मात्र जुन्या स्कूटरवरून भर धुळीत नोकरीला यायचा. का, ते कुणाला कळायचं नाही. काम कोड लिहिण्याचं, पण नाद मोजण्याचा. पावत्या क्रमाने लावणारा दहा-बारा ओळींचा कोडचा तुकडा घ्यायचा आणि तो किती वेळात चालतो हे बघत बसायचं. आता असा तुकडा एकदा चालवला तर घड्याळाला कळायच्या आत संपतो. म्हणून हा तो लाख वेळा चालवायचा, लागलेल्या वेळेला लाखाने भागायचा. हे सगळं मिळून एक रीडिंग. अशी वीस रीडिंगं घ्यायची. त्यातलं पहिलं टाकून द्यायचं, कारण मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, तेव्हा "झोपेतून उठलेलं असतंय." उरलेल्यांतला सगळ्यात लहान आकडा वहीत लिहायचा.

"सरासरी का नाही काढत?" मी एकदा विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"सरासरीत सगळ्यांचा गोंधळ शिरतोय मॅडम. आपला कोड चालू असताना मशीन मधीच दुसरीकडं बघतंय. कुठं अपडेट, कुठं व्हायरसची तपासणी. तो वेळ आपल्या कोडचा न्हाय. कमीत कमी आकडा म्हंजे कोणी मधी आलं न्हाय तवाचा. तोच त्याचा खरा."

आणखी एक गंमत त्याने सांगितली. कोडने काढलेलं उत्तर शेवटी कुठेतरी छापायचं, कारण उत्तर कुणाला नकोच आहे हे मशीनला समजलं तर ते काम गाळून टाकतं. मी म्हटलं, मशीन शहाणं आहे. माझ्या घरी उत्तर कुणालाही नको असतं, तरी काम मलाच पडतं.

एवढं करून वाचायचा तो सेकंदाचा कितवा तरी हिस्सा. आणि गोदामातला माणूस छापलेली पावती काखेत धरून आधी तंबाखू मळणार, ती दाढेला लावणार, मग पावती ट्रकवाल्याला देणार. हे मी म्हात्रेला सांगितलं. तो म्हणाला, "तंबाखूचा वेळ त्याचा. आपल्या वेळेत खोट नको."

शुक्रवारच्या रीडिंगवर त्याचा भारी जीव. खालचे माग शुक्रवारी बंद असतात. इतर दिवशी खालून खटखट वर येते, फरशी गरम होते, दिवे मिणमिणतात. म्हात्रेचं म्हणणं, त्याने मशीन तापतं आणि कोड हळू चालतो. सगळे हसले. हा वही घेऊन खाली मागवाल्या रफीकभाईंकडे गेला आणि दहा मिनिटं माग बंद ठेवा म्हणाला. रफीकभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे म्हात्रेभाई, मेरा लूम तेरे कंप्यूटर का क्या बिगाड़ता है? जुम्मे को आ ना!" झालं. तेव्हापासून एखादा आकडा पटला नाही की म्हात्रे पेन खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "शुक्रवारी मोजू."

मला त्याचा कंटाळा यायचा. खरं सांगायचं तर तेव्हा मला सगळ्याचाच कंटाळा आला होता. सासूबाईंना विसरण्याचा आजार जडला होता. ह्यांची ड्युटी फिरती आणि नोकरी कंत्राटी, म्हणजे घर चालायचं माझ्या पगारावर. दिवसा शेजारच्या काकू येऊन-जाऊन बघायच्या. पण फोनवरचं एक नंबरचं बटण दाबलं की मी लागते, हे तेवढं सासूबाईंच्या पक्कं लक्षात होतं. "अगं, दूध आलं का?" आलं. "अगं, किल्ली कुठंय?" गळ्यात आहे तुमच्या. "अगं, तू कोण बोलतेस?" दिवसाला वीस फोन. फोन दोन मिनिटांचा, पण ठेवला की समोरच्या पडद्यावर आपण काय करत होतो तेच आठवायचं नाही. मी नुसती बघत बसायचे. कधी कधी वाटायचं, आजार मलाही लागला.

अशात एका सोमवारी आमच्या मालकांनी, प्रधान साहेबांनी, सगळ्यांना बोलावलं. काम कमी झालंय, पाचातला एक कमी करावा लागेल, म्हणाले. कुणाला, ते आकड्यांवर ठरेल. महिनाभर प्रत्येकाला एकेका कामाला किती वेळ लागतो ते मोजायचं. आणि मोजणार कोण? म्हात्रे! त्याचा चेहरा पडला होता, पण मी तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे कशाला बघतेय? ऑफिसात सगळ्यात हळू मी. हे मोजायला स्टॉपवॉच कशाला हवं?

दुसऱ्याच दिवसापासून माझ्या लक्षात आलं. माझा फोन वाजला की म्हात्रे घड्याळाकडे बघून वहीत काहीतरी लिहायचा. ठेवला की परत लिहायचा. आणि मी पुन्हा टाइप करायला लागले की तिसऱ्यांदा लिहायचा. एक दिवस तो चहाला खाली गेला तेव्हा मी सरळ त्याची वही उघडली. पानंच्या पानं माझीच. "१०.१२ फोन. १०.१४ ठेवला. १०.२५ काम सुरू." बाकीच्यांची चार-चार पानं, माझी चाळीस.

तो वर आला तेव्हा मी वही हातात घेऊन उभी होते. "म्हात्रे, माझे फोन मोजता?"

"हां मॅडम."

"लाज नाही वाटत? घरात म्हातारं माणूस आहे माझ्या!"

"ठावं हाय मॅडम. म्हनून तर मोजाया लागतंय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. वही त्याच्या टेबलावर आपटली आणि त्याच्याशी बोलणंच टाकलं. रोज सकाळी तो "बरं हाय ना?" विचारायचा, मी पडद्याकडे बघत राहायचे. तो पाच-सात सेकंद थांबायचा, दुसऱ्यांदा विचारायचा, आणि जायचा.

महिना संपला. प्रधान साहेबांच्या केबिनमध्ये पाचही जण उभे. साहेबांनी म्हात्रेचा कागद उचलला. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, दोन महिने तरी द्या साहेब, म्हणून. साहेब वाचता वाचता थांबले.

"म्हात्रे, मॅडमच्या नावापुढे हे काय लिहिलंय? 'रीडिंग रद्द. मोजताना मशीनवर दुसरा लोड होता.'"

"बरोबर हाय साहेब. मॅडमच्या दिवसात मधी मधी दुसरं काम शिरतंय. फोन दोन मिन्टांचा, पण कामावर परत यायला अकरा मिन्टं जातात. म्हैनाभर मोजलंय. तो वेळ मॅडमच्या कामाचा न्हाय."

"अहो, मग खरा आकडा कुठला?"

"एकच दिवस गावला साहेब. शुक्रवार. त्या दिशी म्हातारीनं फोन तांदळाच्या डब्यात ठेवला व्हता."

हे खरं होतं. तो फोन संध्याकाळी सापडला तेव्हा मीच ती गोष्ट ऑफिसभर सांगितली होती.

"त्या दिशी मॅडमनी चौदा तक्रारी मिटवल्या. म्हैन्याभरात एका दिशी कोणी एवढ्या मिटवल्या न्हाय. कागदावर हाय बगा."

"एका दिवसावरून कसं ठरवायचं?" साहेब वैतागले.

"कमीत कमी वेळ धरायचा असतोय साहेब. कोणी मधी आलं न्हाय तवाचा माणूस, तोच खरा."

खाली माग धडधडत होते. मी साडीच्या पदराने नाक पुसलं आणि सर्दी झाल्यासारखं केलं.

साहेबांनी कागद खालपर्यंत वाचला. "मग सगळ्यात हळू कोण? तुम्ही?"

"हां."

"अहो, तुम्ही महिनाभर दुसऱ्यांचंच मोजत होतात! तुमचंही रद्द करा की."

म्हात्रेने वही मिटली. मग म्हणाला, "न्हाय साहेब. माझं रीडिंग साफ हाय. माझ्यावर दुसरा कसलाच लोड न्हाय."

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी आठ दिवस घोळ घातला. पण पाचातला एक जायचाच होता आणि ज्याची नोकरी जाणार तो स्वतःच आपला आकडा पुढे करत होता. म्हात्रे गेला.

शेवटचा दिवस शुक्रवारच निघाला. माग बंद, जिन्यात आपलीच पावलं ऐकू येत होती. तो डबा आणि वही घेऊन उतरत होता. मी गुडघ्यांना शिव्या देत मागून उतरले आणि मधल्या वळणावर त्याला गाठलं. माफी मागायची होती, पण तोंडातून भलतंच आलं.

"म्हात्रे, बरं आहे ना?"

"बरं हाय मॅडम."

मी कठडा धरून तशीच उभी राहिले. पाच सेकंद, सात सेकंद. त्याने ओळखलं मी काय करतेय. हसण्याच्या बेतात आला, पण हसला नाही.

"बरं आहे ना?" मी परत विचारलं.

तो पायरीवर बसला. "माझ्या आयला पन हाच आजार व्हता मॅडम. खारबाववरनं फोन करायची. दिवसाला तीस. 'हरेश्वर, जेवलास का रं?' दर टायमाला तेच. मोजमाप चालू असलं ना, की मी कट करायचो. रीडिंग बिघडतंय म्हनून." वहीचा कोपरा तो अंगठ्याने दुमडत होता. "दोन वर्षं झाली तिला जाऊन. भाऊ येगळे झाले. तीन मजल्यांत मी एकटा. दिवसभर फोन साफ असतोय. एक रीडिंग बिघडत न्हाय."

मीही त्याच्या शेजारी पायरीवर बसले. त्याने मान वर केली. "आनि तुमी? बऱ्या हाव ना?"

"बरी आहे," मी म्हटलं. तो थांबला. मी म्हटलं, "नाही हो म्हात्रे. अजिबात बरी नाही. दमलेय मी." आणि त्या जिन्यात बसून मी पोटभर रडले. त्याने घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

आता रोज दुपारी डबा उघडला की मी त्याला फोन लावते. "जेवलात का?" "जेवलो मॅडम." मी थांबते. मग तो खरं सांगतो, की अजून चूलच पेटवली नाही. मी ओरडते. तो सासूबाईंची चौकशी करतो, दोनदा. मध्येच सासूबाईंचा फोन येतो, मी म्हणते, आले हं, आणि तो म्हणतो, "घ्या घ्या, आधी तो घ्या."

पण त्याला फोन लावून मला कधी वाट बघावी लागत नाही. रिंग वाजली न वाजली तोच पलीकडून "हां मॅडम." परवा मी त्याला चिडवलं, "काय हो, पहिलं काही धरायचं नसतं ना तुमच्यात?"

तो नेहमीसारखा थोडा थांबला.

"फोनचं येगळं हाय मॅडम," तो म्हणाला. "फोन पयल्या रिंगलाच उचलायचा."