शंभर चिंचोके

एका जंगलात एक तळं होतं. म्हणजे, ही गोष्ट सुरू होते तेव्हा होतं.

मुलांनो, तळ्याला मातीचा बांध होता. बांधात गोड कंद उगवत. मुसंडीराव नावाच्या रानडुकराला ते फार आवडत. तो रोज येऊन बांध उकरायचा.

टिटवीकाकू त्याला म्हणाली, "अहो, बांध फुटेल."

"फुटला तर बघू," मुसंडीराव म्हणाला.

तिने हे तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्याचं तोंड भरलेलं होतं. चौथ्या दिवशी बांध फुटला. चैत्राच्या ऐन उन्हात सगळं तळं ओढ्यातून वाहून गेलं आणि अकराशे प्राणी कोरडे पडले.

आठवडाभराने खटला कासवपंतांपुढे आला. पंत मोठे विद्वान होते. त्यांच्या न्यायालयात शिक्षा चिंचोक्यांनी मोजत. कुठल्याही गुन्ह्याचे एकूण चिंचोके शंभर. ज्यांचं नुकसान झालं त्यांनी रांगेत बसायचं. पंत प्रत्येकापुढे सारखे चिंचोके मांडत. एकेकापुढे जितके पडतील, तितके दिवस गुन्हेगार हद्दपार. रांगेतला एक जण जरी चिंचोक्याविना राहिला, तर सर्वांना पुरेल एवढं नुकसान झालंच नाही असं समजून फिर्याद काढून टाकायची.

हा कायदा कुणी केला, हे मला सापडलं नाही. मी पुष्कळ शोधलं. कदाचित चुकीच्या कपाटात शोधलं असेल.

अकराशे प्राणी रांगेत बसले. पंतांनी एकेक चिंचोका मांडायला घेतला. शंभराव्या प्राण्यापाशी पिशवी रिकामी झाली. पुढचे हजार जण जमिनीकडे बघत राहिले.

"फिर्याद निकाली," पंत म्हणाले. "मुसंडीराव, तुम्हाला ताटकळत बसावं लागलं, क्षमा असावी."

"छे छे," मुसंडीराव म्हणाला. "कायद्यापुढे सगळे सारखे."

दुसऱ्या दिवशी झुपकी नावाच्या खारीला पकडून आणलं. सावळा ससा डोंगरातल्या झऱ्याखाली चार दिवस बसला होता. थेंब थेंब धरून त्याने एक करवंटी भरली होती. झुपकी घाईने फांदीवरून उतरली. तिची शेपटी करवंटीला लागली आणि पाणी सांडलं. इतकंच झालं होतं.

पण नुकसान एकट्या सशाचं होतं. पंतांनी त्याच्यापुढे चिंचोक्यांची अख्खी पिशवी ओतली.

"शंभर दिवस," पंत म्हणाले.

झुपकी पुढे धावली. "पंत, माझ्या पिलांचे डोळे अजून उघडले नाहीत हो! शंभर दिवसांनी परत येऊन मी कुणाला पाजू?"

ससा घाबरला. "पंत, मला शंभर नकोत. मी नुसता रागावलो होतो. थोडे परत घ्या ना."

"फिर्यादीने उदार होऊ नये," पंत म्हणाले. हे बोलताना त्यांनाही वाईट वाटलं, असं म्हणतात. पण कलम ते कलम.

तेवढ्यात टिटवीकाकू पुढे आली आणि सशाशेजारी बसली.

"माझंही नुकसान झालंय."

"तुमचं कसं? करवंटी तर सशाची."

"मी त्यातला एक घोट मागणार होते."

"मीही," माकड म्हणालं.

"मी न मागता घेणार होतो," मुंगूस म्हणालं. ते बहुधा खरं असावं.

बघता बघता रांग लागली. पाचजण झाले तेव्हा शिक्षा वीस दिवसांवर आली, पन्नास झाले तेव्हा दोन दिवसांवर. बाकीचं जंगल पाण्याच्या शोधात डोंगरापलीकडे गेलं होतं, तरी ओढूनताणून शंभरजण जमले. प्रत्येकापुढे एकेक चिंचोका पडला.

"एक दिवस," पंत म्हणाले आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"एका दिवसातही धामण झाडावर चढते," झुपकी म्हणाली.

सगळे इकडेतिकडे बघू लागले. आणखी एकच प्राणी हवा होता. तेव्हा चिखलातून मुसंडीराव उठला, अंग झटकून हळूहळू आला आणि रांगेच्या शेवटी बसला.

"माझंही पाणी सांडलं," तो जड आवाजात म्हणाला. "समाजाचं काम असलं की मला घरी बसवत नाही."

पंतांनी पिशवी उलटी करून झटकली. मुसंडीरावापुढे काहीच पडलं नाही. फिर्याद निकाली!

झुपकी मागे न बघता झाडाकडे पळाली. प्राण्यांनी मुसंडीरावाचा जयजयकार केला. पंतांचे डोळे भरून आले. एवढ्या थोर मनाच्या प्राण्याचा समाजाला उपयोग व्हावा, म्हणून त्यांनी त्याला तिथेच बांध दुरुस्ती मंडळाचा अध्यक्ष नेमलं. मुसंडीरावाने विनयाने मान लववली आणि बांधात अजून कंद किती आहेत, अशी चौकशी केली.

सगळे पांगल्यावर ससा रिकामी करवंटी घेऊन पुढे आला.

"पंत, माझं पाणी?"

"कुठलं पाणी?" पंतांनी निकालाचा कागद पुन्हा एकदा वाचला. "फिर्याद निकाली म्हणजे नुकसान झालेलं नाही. नुकसान नाही, म्हणजे पाणी सांडलेलं नाही."

सशाने करवंटीत पाहिलं. मग पंतांकडे पाहिलं. पंत विद्वान होते, म्हणून त्याने करवंटीत पुन्हा एकदा नीट पाहिलं.

तात्पर्य: मुलांनो, शेजाऱ्याची पाटी कधीही फोडू नका. त्याला फार कडक शिक्षा असते. फारच हात शिवशिवले, तर शाळेचं छप्पर पाडा. (हे तात्पर्य मी तीनदा तपासलं. दर वेळी हेच निघालं. कुणाला दुसरं मिळालं, तर मला जरूर सांगा.)