लिंडसेची बैठक

रविवारी दुपारी लिंडसे क्रॉथर्सने संगणकावरच्या खेळातल्या गाडीला उजवं वळण दिलं आणि जेवणाचं टेबल डावीकडे निघालं. टेबलाच्या कडेला आवळून बसवलेलं ते स्टिअरिंग मुलीने वाढदिवसाला पाठवलं होतं. त्याच्या आतली मोटर इतकी जोरकस, की वळणावर ते माणसाच्या हातातून निसटू पाहायचं. लिंडसेने ते सोडलं नाही, म्हणून टेबल निसटलं आणि भाजलेल्या भोपळ्यासकट ग्रेव्हीचं भांडं ग्लेनिसच्या मांडीत आलं.

चाळीस वर्षांच्या संसारात ग्लेनिस नवऱ्यावर कधी ओरडली नव्हती. तिने मांडी पुसली आणि म्हणाली, "एक तर ते चाक दुसरीकडे लाव, नाहीतर तू दुसरीकडे जेव."

चाक दुसरीकडे लावायचं तर त्याला सांगाडा हवा. ॲल्युमिनियमच्या खाचा पाडलेल्या पट्ट्या नटबोल्टने जोडून केलेला, ज्यावर खुर्ची, पेडल आणि स्टिअरिंग असं सगळं बसतं. ग्लेनिस लगेच हो म्हणाली, त्यालाही कारण होतं. लिंडसेने ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोत एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती; उतरताना प्रत्येक मूल त्याला थँक्यू म्हणायचं. दोन वर्षांपूर्वी तो बागेत चक्कर येऊन पडला आणि डॉक्टरांच्या अहवालावरून त्याचा गाडी चालवायचा परवानाच गेला. तेव्हापासून तो घरात नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरायचा. हे चाक आलं आणि त्याच्या तोंडावर पुन्हा रंग आला.

तीन आठवडे लिंडसेने वाचन केलं. पट्टी चाळीस बाय ऐंशी मिलिमीटरची घ्यावी की चाळीस बाय एकशेसाठची, यावर इंटरनेटवर लोक एकमेकांची आई-बहीण काढत होते. तो न्याहारीला ग्लेनिसला समजावून सांगायचा. "पातळ घेतली तर ब्रेक मारल्यावर वाकते."

"आणि जाड घेतली तर?"

"तर आपण वाकतो. पण बैठक खाली हवी, शर्यतीच्या गाडीसारखी. पाय समोर, पाठ मागे."

"तुझा डावा खुबा बदललेला आहे, लिंडसे."

"बदललेला म्हणजे नवा. जुना असता तर गोष्ट वेगळी."

शनिवारी ग्लेनिसने त्याला गाडीने गावाबाहेरच्या शेडमध्ये नेलं. वाटेत दर सिग्नलला लिंडसे पायाने ब्रेक मारत होता, त्याच्या बाजूला पेडल नसतानाही. शेड टेगन नावाच्या पंचविशीतल्या मुलीची. तिने विकायला चार सांगाडे मांडून ठेवले होते. लिंडसे सरळ लाल खुर्चीच्या, सगळ्यात बुटक्या सांगाड्याकडे गेला आणि आत उतरला. उतरला कसला, पडलाच. पण पडला तो बरोबर जागेवर. समोरच्या पडद्यावर त्याने दहा फेऱ्या मारल्या. सांगाडा तसूभर हलला नाही.

"हाच," तो म्हणाला, आणि उठायला गेला.

खुबा हलेना. वर चाक, खाली पेडल, दोन्ही बाजूंना पट्ट्या, आणि ढुंगण जमिनीपासून वीतभर. त्याने उजवीकडून प्रयत्न केला, डावीकडून केला, मग नुसतं छताकडे पाहिलं.

"अजून दोन फेऱ्या मारतोय," तो ग्लेनिसला म्हणाला.

"पडदा बंद आहे, लिंडसे."

टेगनने त्याचे दोन्ही हात धरून ओढलं. सांगाडा हलवता यावा म्हणून त्याला खाली चाकं होती, आणि ओढाओढीत टेगनचा बूट चाकांच्या खिटीला लागून ती सुटली. शेडची फरशी दाराकडे उतरती. लिंडसेसकट सांगाडा संथपणे निघाला, दारातून बाहेर पडला आणि वाहनतळावर आला. लिंडसे जिवाच्या आकांताने स्टिअरिंग फिरवत होता. ते कशालाच जोडलेलं नव्हतं.

"बाजूला व्हा," तो एवढंच म्हणत होता, "माझ्याकडे परवाना नाही."

हातात मटणाचं पॅटिस घेऊन आपल्या गाडीला टेकलेल्या एका आडदांड माणसाने पाय पुढे केला आणि सांगाडा थांबवला. त्याचं नाव दारिओ. खिडक्यांच्या ॲल्युमिनियम चौकटी बसवण्यात त्याची हयात गेली होती. त्याने शेवटचा घास शांतपणे संपवला, हात पँटला पुसले आणि गाडीतून पान्यांचा जुडगा काढला.

"कुठला खुबा?"

"डावा."

"माझ्या आईचा उजवा. हलू नका."

"हलता आलं असतं तर इथं कशाला आलो असतो?"

भर उन्हात, लिंडसे आत असतानाच, दारिओ आणि टेगनने सांगाडा सोडवायला घेतला. आधी स्टिअरिंग निघालं, मग एका बाजूची पट्टी. दारिओने खुर्चीचे बोल्ट सैल केले आणि तिला खालून रेटत दोन टप्पे वर घेतलं. गुडघे खाली गेले, पाठ ताठ झाली, आणि लिंडसे कुणाचाही हात न धरता उभा राहिला. मग पुन्हा बसला. पुन्हा उठला. असं त्याने पाच वेळा केलं, कारण त्याला ते खरं वाटेना.

"ही शर्यतीच्या गाडीची बैठक राहिली नाही," टेगन जरा अवघडून म्हणाली. "ही म्हणजे..."

"बसची," लिंडसे म्हणाला. चष्मा पुसायला त्याला बराच वेळ लागला.

तोच सांगाडा घ्यायचा ठरला, नाहीतरी अर्धा सुटलेलाच होता. पुढच्या शनिवारी दारिओ स्वतःहून घरी आला, तीन तास खपून त्याने तो मागच्या खोलीत जोडून दिला. "आईला कुणीतरी असंच उठवलं होतं," म्हणाला. ग्लेनिसने बळेच दिलेल्या क्विन्स नावाच्या फळाच्या मुरांब्याच्या दोन बरण्या तेवढ्या घेऊन गेला.

संध्याकाळी लिंडसेने कानाला मायकवाला हेडफोन लावला आणि इंटरनेटवरच्या अनोळखी एकोणीस जणांबरोबर पहिली खरी शर्यत धरली. ग्लेनिस दाराआड उभी राहून ऐकत होती. आतून ना ब्रेकची किंकाळी, ना शिवी. अर्ध्या तासाने तो बाहेर आला, डोळे चमकत होते.

"कितवा आलास?"

"विसावा."

"एकूण वीसच होते ना?"

"सगळ्यांनाच घाई होती गं. मागून कुणी आलं की मी बाजूला घेत होतो." तो खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "ग्लेनिस, एकोणीसच्या एकोणीस जण जाताना थँक्यू म्हणून गेले."