बांगड्यांचा हात आणि अकरा सदस्य

इतिहासाविषयी कुतूहल असणे हे जागरूक समाजाचे लक्षण आहे. हे कुतूहल साधारणपणे 'आपण कोणाचे वंशज' इथे सुरू होते आणि तिथेच संपते, त्यामुळे आटोक्यातही राहते.

सोनाळ्याहून फार लांब नसलेल्या एका गावात (नाव देत नाही, गावाच्या नावाच्या इतिहासासाठी वेगळी समिती बसली आहे) मनकर्णाबाई नावाच्या सत्तरीच्या विधवा बाई राहतात. त्यांच्या मोरीत एक पालथा दगड होता. त्यावर त्यांनी चाळीस वर्षे धुणे धुतले. यंदा नळाचा पाइप बदलताना हबीब मिस्त्रींनी तो उलटवला, तर खालून चंद्र, सूर्य आणि उभा कोरलेला एक हात निघाला. हातात बांगड्या. जुन्या काळी नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या बाईच्या आठवणीला असा दगड उभारत.

गावाने तत्काळ अकरा जणांची इतिहास संशोधन समिती नेमली. अध्यक्ष, निवृत्त शिक्षक गणेश गुरुजी. (महिला सदस्य शून्य. सभा चावडीवर असल्याने महिलांची गैरसोय होऊ नये, हा विचार.) समितीपुढे एकच गहन प्रश्न होता: त्या बाईचा नवरा कोणाचा पूर्वज? तीन घराण्यांनी दावा केला. पहिल्याने चौदा पिढ्यांची वंशावळ आणली, ती पाहून दुसऱ्याने सोळा पिढ्यांची. तिसऱ्याने दोन दिवसांची मुदत मागितली आणि एकवीस आणल्या. या एकावन्न पिढ्यांत एकाही बाईचे नाव नव्हते. म्हणजे हे सर्व पुरुष पुरुषांनाच झाले असावेत. समितीला यात विसंगती आढळली नाही.

चौथ्या सभेला मनकर्णाबाई आल्या.

"गुरुजी, हात तं बाईचा हाय. त्या बाईचं नाव काय व्हतं?"

"काकू, तसं कागदात नसते न."

"बरं. थे सोताहून गेली, का तिले नेलं?"

कोणीतरी पंखा वाढवला.

"काकू, तुमाले धुण्यासाठी नवा दगड देतो," गुरुजी म्हणाले.

"दगड कोन मांगून राह्यलं? मी इचारून राह्यली फक्त."

इतिवृत्तात नोंद झाली: 'एका महिलेने धुण्याच्या दगडाबाबत तक्रार केली. नवीन दगड मंजूर.'

पुढे चौथरा झाला. सतीचा गौरव कायद्याने गुन्हा असल्याने फलकावर 'वीरपत्नी' हा निरुपद्रवी शब्द घेतला. (समिती कायद्याचा आदर करते.) पूजा फक्त सुवासिनींनी करावी, विधवांनी चौथऱ्यावर चढू नये, असाही ठराव झाला. ती बाई जिवंत राहिली असती तर तिलाही खालीच उभे राहावे लागले असते. पण असा पेच निर्माण न करता ती निघून गेली. हाच तिचा मोठेपणा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी हबीब मिस्त्री फलकावर अकरा नावे कोरत होते. मनकर्णाबाई तिथे जाऊन बसल्या.

"हबीबभाई, मी तिच्या आंगावर चाळीस वर्सं धुनं आपटलं. मले मालूमच नाई. तिचंही नाव टाका."

"सांगा काकू, फुकटात कोरतो."

त्यांनी फलकाच्या वरच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "जागा तरी सोडा."

हबीबभाईंनी सगळ्यात वरची ओळ कोरी सोडली. उद्घाटनानंतर समितीला ती मिस्त्रीची चूक वाटली. चूक दुरुस्त करून तिथे मंडप व साउंड सिस्टिम पुरवणाऱ्याचे नाव घालण्यात आले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मनकर्णाबाई बादली घेऊन चौथऱ्यावर चढल्या. त्यांनी तो हात साबण लावून, बांगड्यांच्या खाचांतून बोट फिरवून, मनगटापासून कोपरापर्यंत स्वच्छ धुतला. लहान लेकराचा धुवावा तसा. मग पदराने पुसला आणि घरी गेल्या. समितीने 'अज्ञात व्यक्तीकडून विटंबना' अशी नोंद करून चौकशी उपसमिती नेमली आहे.

या गावातल्या लोकांना वाचक हसले असतील, तर ते योग्यच आहे. आता स्वतःच्या पणजोबांचे नाव आठवून पाहावे. आठवले? उत्तम. आता पणजीचे सांगा. (माहेरचे राहू द्या. लग्नात बदललेले असेल, तेही चालेल.)