अनुसूया आत्याचा उपाय आणि मैथिलीचं 'वॉडर'

"आत्या, थोडं वॉडर दे ना," मैथिली जेवताना म्हणाली आणि अनुसूया आत्याच्या हातातला डाव आमटीच्या पातेल्यावर तसाच थांबला.

"काय दे?"

"वॉडर्र!" मैथिलीनं जीभ मागे वळवून, 'र' चांगला घोळवून पुन्हा सांगितलं. गेले तीन आठवडे मोबाईलवर एका अमेरिकन मॅडमचे व्हिडिओ बघून ती हा एकच शब्द घोटत होती. दहापैकी तीनदाच जमायचा, आणि आता नेमका जमला होता! ती खूष झाली. आत्या मात्र पांढरीफटक पडली.

आई ट्रेनिंगला गेल्यामुळे आत्या पंधरा दिवस हरिहरेश्वरला घर सांभाळायला आली होती. घराण्यातल्या अकरा पोरांचे बोबडे बोल आपण सरळ केले, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

"यज्ञेश्वर! अरे धाव! लेकीची जीभ जड झाली!"

बाबा सुपारीच्या बागेतून चिखलाच्या पायांनी तसेच आत आले. "आ कर," म्हणाले. मैथिलीनं आ केला.

"बाबा, मला काही झालेलं नाही. हा अमेरिकन उच्चार आहे. तिकडे सगळे असंच बोलतात."

"सगळे?"

"सगळे!"

"मग साथ असेल," आत्या म्हणाली. "पण ती आपल्या घरात कशाला?"

तेवढ्यात शेजारचे सदाकाका नारळ द्यायला आले. त्यांनी प्रकरण ऐकून घेतलं आणि नारळ मांडीवर ठेवून सावकाश सांगितलं, "आमच्या चुलत्याचं असंच झालेलं हो. आधी शब्द गेला, मग हात गेला."

झालं! मैथिलीला दोन्ही हात वर करायला लावलं, एका पायावर उभं केलं, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं. आपण ठणठणीत आहोत हे दाखवायला तिनं उद्याचं अख्खं इंग्रजी भाषण धडाधडा म्हणून दाखवलं. त्यानं तर फारच बिघडलं.

"बडबडायला लागली गो!" आत्या मीठ-मोहऱ्या शोधायला आत पळाली.

उद्या म्हसळ्याला शाळांची इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा होती. गेल्या वर्षी याच स्पर्धेत मैथिली 'गुड मॉर्निंग' म्हणाली, समोरच्या दोनशे डोक्यांकडे बघितलं आणि सरळ खाली येऊन बसली. पुढचं वर्षभर वर्गातला केतन तिला रात्री आठ वाजता भेटला तरी 'गुड मॉर्निंग' म्हणायचा. यंदा तिनं इंग्रजीच्या नूतन मॅडमच्या मागे लागून लागून परत नाव घातलं होतं. विषय होता पाणी. पहिल्याच वाक्याला असं झक्क 'वॉडर' टाकायचं, की सभागृह गार! मग भीती वाटायला वेळच मिळणार नाही.

"स्पर्धाबिर्धा काही नाही," आत्यानं जाहीर केलं. मैथिली रडली, रुसली, शेवटी बाबांनी तडजोड काढली. जायचं, पण आत्या सोबत.

सकाळी एसटीत आत्या मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती. म्हसळ्यात सभागृहाच्या दाराशी मैथिलीचं नाव पुकारलं गेलं आणि आत्यानं पिशवीतून छोटी डबी काढली.

"आत्या, आत्ता नको हं, मला—"

बोलायला तोंड उघडलं हीच चूक. आत्याचं मधात बुडवलेलं बोट, त्यावर चिमूटभर अक्कलकाऱ्याच्या मुळीची झणझणीत पूड, थेट जिभेवर! "जीभ सुटते याने. आता जा. देव तुझं भलं करो."

स्टेजवर पोचेपर्यंत जिभेला मुंग्या आल्या. माईकसमोर उभी राहिली तेव्हा जीभ ओहोटीला चिखलात रुतलेल्या होडीसारखी पडली होती. दातांपर्यंत जायला तयारच नव्हती. समोर दोनशे डोकी होती, पण त्यांच्याकडे बघायची फुरसत कुणाला? मैथिलीचं सगळं लक्ष तोंडात.

"वॉडर," ती म्हणाली.

काय निघाला शब्द! मऊ, गोल, तुपासारखा घरंगळत. त्या व्हिडिओतल्या मॅडमनंही वही घेऊन शिकायला बसावं असा. पाठोपाठ 'बेडर', 'सिडी', 'लिडल'. कुठल्याच ट ला जीभ लागेना. वर तोंडाला सारखं पाणी सुटत होतं, म्हणून प्रत्येक वाक्याला थांबून गिळावं लागे. परीक्षकांनी कागदावर लिहिलं, 'विराम उत्तम.'

पण मिशीवाल्या परीक्षकांना राहवलं नाही. त्यांनी टेबलावर पेन आपटलं. "बाळ, वॉटर. ट! टेबलातला ट!"

मैथिलीनं तोंड उघडलं, पण तिच्याआधी मागच्या रांगेतून आत्याच उभी राहिली. "अहो मास्तर, पोरीच्या जिभेला बरं नाहीये! कालच्या मानानं पुष्कळ सुधारलंय. रागावता काय?"

मिशीवाले एकदम विरघळले. शेजारच्या परीक्षक बाईंच्या कानाशी वाकले, पण समोरचा माईक चालूच होता. "बिचारी. उत्तेजनार्थ देऊन टाकू."

बिचारी? मैथिलीच्या कानशिलांतून वाफ निघाली. गेल्या वर्षी आपण पळालो तेव्हाही कुणी बिचारी म्हणालं नव्हतं!

"सर, मला काहीही झालेलं नाही," ती इंग्रजीत कडाडली. "मी वॉडर शिकलेय, मुद्दाम. तुम्ही वॉटर म्हणा, आत्या पाणी म्हणते, तहान तिन्हींनी भागते. उत्तेजनार्थ नको. मला प्रश्न विचारा!"

टाळ्या! मिशीवाल्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि खरंच विचारलं, "तुमच्या गावाला पाण्याचा काय त्रास?"

याचं उत्तर पाठ केलेल्या भाषणात नव्हतं. मग मैथिलीनं मे महिन्यात खारट होणाऱ्या विहिरी सांगितल्या, लॉजवाल्यांचे टँकर सांगितले, सुपारीला आधी पाणी की माणसांना, यावरची बाबा आणि सदाकाकांची भांडणं सांगितली. लोक हसत होते. बोलता बोलता जीभ केव्हा जागी झाली कळलंच नाही. सरळ, खणखणीत, रायगडी 'वॉटर' बाहेर पडत होतं, आणि ते दुरुस्त करायला ती क्षणभरही थांबली नाही.

"सुटली!" आत्या शेजारच्या बाईंना हलवून सांगत होती. "बघा, सुटली!"

पहिला नंबर मैथिलीचा! ढाल देताना मिशीवाले म्हणाले, "दोन शब्द बोल."

तिनं माईक हातात घेतला. नूतन मॅडमचे आभार झाले, आत्याचे झाले, केतनचे तर नाव घेऊन झाले. मग विहिरींचं थोडं राहिलं होतं, ते झालं. मग एसटीच्या वेळापत्रकाकडे वळली. वीस मिनिटं झाली. परीक्षकांचे वडे गार झाले, पुढच्या कार्यक्रमाची मंडळी दारात ताटकळली.

शेवटी नूतन मॅडम हळूच स्टेजच्या मागे गेल्या आणि त्यांनी माईकची वायर काढली. मैथिलीला वाटलं, आवाज मागेपर्यंत पोचत नसेल. म्हणून तिनं तो वाढवला.