लिंबूपाण्याची बंडी

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, ही पहिली गोष्ट. ठेवला तेव्हा, नसता ठेवला तर बरं झालं असतं, ही दुसरी. मी चौथी शिकलेली बाई. मला फिरवून लिहिता येत नाही. झालं तसं सांगते.

त्या वर्षी चिमूरला हाफ मॅरेथॉन ठेवली होती. (म्हणजे अर्धी. अख्खी पळणारी माणसं कुठं राहतात ते मला माहीत नाही.) दवाखान्यासाठी जीप घ्यायची होती, अडलेल्या बाईला गावातून आणायला. आदल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या एका बाईला खाटेवर टाकून नेलं, तर ती नाल्याच्या काठीच बाळंत झाली. आता माझी सून रंजीता सातव्या महिन्यात होती. मला ती जीप पाहिजे होती. बस.

प्रत्येक गावानं एक माणूस पळवायचा. तो पूर्ण पळाला तर त्या गावाच्या नावानं कोणी पैसेवाला देणगी देणार. आमच्या गावाच्या वाट्याला धानगिरणीवाले घनश्याम शेठ आले. त्यांची देणगी सगळ्यात मोठी आणि अट सगळ्यात कडक. एक पाऊल कमी पडलं तर छदाम नाही.

गावातली पळणारी पोरं पोलीस भरतीला गेली होती. मीटिंगमध्ये सगळे खाली पाहत होते. माझा नवरा मुखरू तेवढा मान वर करून सांगत होता की मोहफुलं वेचताना अस्वल मागं लागलं तेव्हा तो कसा पळाला. हे अस्वल मी लग्नापासून ऐकून राह्यली. (सुरुवातीला ते लहान होतं.) मी म्हणली, "लिवा याचंच नाव."

आम्ही ढिवर. मुखरू तळ्यात जाळं लावतो आणि मी पाण्यात उभी राहून, काठी आपटत, ओरडून मासोळी जाळ्याकडे हाकलते. माझा आवाज तळ्याच्या या पाळीवरून त्या पाळीवर जातो. मासोळीतलं मला सगळं समजते. बैलातलं काही समजत नाही, हे इथंच सांगून ठेवते.

पळणाऱ्यांच्या मागं लिंबूपाण्याचा ड्रम घेऊन एक बैलबंडी जाणार होती. बंडी आमच्या गावच्या सोमाजीभाऊची. त्याचे बैल, चांद्या आणि पाखऱ्या, एकेकाळी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळालेले. आता म्हातारे. दहा पावलं चालले की गवत पाहत उभे राहायचे. बंडी हाकायला सोमाजीभाऊ, पाणी वाटायला मी.

शिट्टी वाजली. मुखरू छातीवर नंबर लावून सगळ्यांच्या पुढं पळाला. एस.टी. स्टँडच्या वळणापर्यंत. सोमाजीभाऊ तंबाखूचा खर्रा घ्यायला उतरला आणि मी बोअरिंगवर पेले विसळायला गेली. परत येऊन पाहते तर बंडीत बैलांना खायला टाकलेल्या धानाच्या तणसातून दोन पाय बाहेर. पाय ओळखीचे होते.

"अवो!"

तणस म्हणालं, "हळू बोल ना वं. पोटात कळ आली. जराशानं उतरतो."

"आत्ताच्या आत्ता उतरा! उतरा म्हणते ना!"

बैल सुटले.

"थांब रे मुडद्या!" मी मागून ओरडली. (बैलाला. नवऱ्याला मी तुमी म्हणते.) मुडदे थांबले नाहीत. मी लुगडं खोचलं आणि मागं लागली. एक चप्पल स्टँडवर राहिली, दुसरी मीच फेकून दिली.

रस्त्यात जागोजागी झेंडेवाली पोरं होती. मी ओरडली, "धरा! थांबवा!" त्यांनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास काकू!" एकानं ग्लुकोजचं बिस्कीट दिलं. ते मी खाल्लं. हाफ पँटीतले पळणारे एकेक करून मागं पडत गेले आणि माझ्याकडे पाहत राहिले. मी कोणाकडे पाहिलं नाही.

बैल मधे मधे थांबायचे. एखाद्या झाडाखाली उभे राहायचे, मुखरू एक पाय बाहेर काढायचा, तेवढ्यात मी पोचायची.

"उतरू नका! कासरा धरा!"

बैल सुटायचे. पुढच्या झाडाखाली पुन्हा तेच.

"कासरा सोडा! उतरा!"

पुन्हा सुटायचे. असं चिमूरहून, शर्यत जिथून परत वळायची त्या फाट्यापर्यंत झालं आणि फाट्यावरून परत चिमूरपर्यंत झालं. घसा बसायला पाहिजे होता. नाही बसला. तळ्याची सवय.

मैदानाजवळच्या कडुलिंबाखाली बैल थांबले. तेव्हा मी बरीच मागं होती, म्हणून शांतता होती. मुखरू उतरला आणि पळत जाऊन फीत तोडून आला. मी पोचली तेव्हा त्याच्या गळ्यात हार होता आणि तो माइकवर अस्वलाचं सांगून राह्यला होता.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, "हा बंडीत होता. पळाली मी."

लोक हसले. कमिटीचे देवानंद सर म्हणाले, "काकू, तुम्ही दमल्या आहात. बसा."

"दमली, कारण मी पळाली! पाठ पाहा त्याची."

पाठीला तणस चिकटलं होतं. हसणं बंद झालं. घनश्याम शेठ पांढऱ्या सफारीत उठून उभे राहिले.

"म्हणजे हा पळालाच नाही?"

"नाही. मी पळाली."

"बाई, तुम्ही पण बंडीतच बसल्या असाल. बंडीच्या किलोमीटरला मी पैसे देत नसतो. देणगी कॅन्सल."

मुखरू माझ्या कानाशी आला. "चूप बसली असती तर जीप आली असती ना वं."

हे त्याचं खरं होतं. रंजीता मांडवात पोटावर हात ठेवून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. एकवीस किलोमीटरमध्ये पाय दुखले नव्हते, ते तेव्हा दुखले.

तेवढ्यात सोमाजीभाऊ कोणाच्या तरी सायकलवर आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, खर्रा थुंकला आणि म्हणाला, "रंभाबाई बंडीत नोहोती शेठ. मागं होती. पूर्ण रस्ता."

"तुम्ही काय पाहिलं?"

"पाहाले काऊन लागते? माह्ये बैल पटाचे हायेत. मागून कोणी बोंबललं तरच पळतेत. नाई त हालत नाई. एकवीस किलोमीटर पळाले म्हंजे एकवीस किलोमीटर मागं बोंब होती. बसून पाहा पाहिजे त."

शेठ हिशोबी माणूस. स्वतः बंडीत चढून उभे राहिले. सोमाजीभाऊनं चुचकारलं, शेपटी पिळली. बैल गवत पाहत राहिले.

"आता तुमी बोला रंभाबाई. मागून."

"काय बोलू?"

"मुखरूले बोलता तसंच."

माझ्या पोटात सगळं तयारच होतं. मी एकदाच ओरडली.

मग मांडवाचे दोन खांब गेले. ड्रम कलंडला, लिंबूपाणी पाहुण्यांच्या रांगेत गेलं, माइक गेला. शेठ दूर हनुमानाच्या देवळाजवळ सापडले. चष्मा नव्हता, पण माणूस शब्दाचा पक्का निघाला. तिथूनच ओरडले, "मानलं! बाई मागंच होती! देणगी मंजूर, पण हिचं तोंड बंद करा!"

जीप वेळेवर आली. रंजीताचं बाळंतपण चिमूरच्या दवाखान्यात झालं, मुलगी झाली. तिचा आवाज माझ्यावर गेला आहे, असं मुखरू शेजाऱ्यांना सांगतो.

पण त्या दिवसाचं राहिलं. दुसरा माइक आणून देवानंद सरांनी निकाल सांगितला. नंबर ज्याच्या छातीवर, मेडल त्याला, असा नियम. म्हणून मेडल मुखरूला. बैलांना एकेक टोपलं सरकीची ढेप आणि टाळ्या. सोमाजीभाऊला शाल. मी पदर सारखा करून उभी राहिली, कारण आता माझंच नाव उरलं होतं. आणि सरांनी घेतलंसुद्धा, सगळ्या चिमूरला ऐकू जाईल असं. "मांडव, माइक, ड्रम, शेठजींचा चष्मा, आणि दोन म्हाताऱ्या बैलांना झालेला त्रास, या सगळ्याला जबाबदार: रंभा."