वाळुंजाची हजामत

चित्रकलेचे मास्तर विष्णुपंत सांगलीहून पहिल्या एसटीने निघाले, पाटणला उतरून दोन मैल चालले आणि कोयनाकाठी ज्ञानूच्या मळ्यात पोचताच मटकन खाली बसले.

"झाड कुठंय?"

"ह्ये काय, म्होरंच हाय की," ज्ञानू म्हणाला.

मागच्या रविवारी तिथे वाळुंजाचं झाड होतं. नदीवर ओणवलेलं, फांद्या पार पाण्यात सोडलेलं. सांगलीच्या निसर्गचित्रांच्या प्रदर्शनासाठी त्याचा फोटो आणि रेखाटन करायचं ठरवून, विष्णुपंतांनी मेव्हण्याच्या नाकदुऱ्या काढून कॅमेरा मिळवला होता. आता तिथे एक बोडका बुंधा उभा होता. कमरेपर्यंत चुना आणि वर गेरूचा पट्टा.

"फोटू काढाय येतो म्हनला न्हवं तुमी? लय झिपऱ्या वाढल्या व्हत्या. छाटून, रंगवून ठिवलं."

"अरे, त्या झिपऱ्यांचाच फोटो काढायचा होता!"

"झिपऱ्या सोडून फोटूला कोन बसतंय, मास्तर?" ज्ञानूची आई साळूबाई म्हणाली. तिला मास्तरांची कीव आली होती.

चित्र उद्याच द्यायचं होतं. विष्णुपंत डोकं धरून म्हणाले, "फांद्या तरी कुठायत?"

"निम्म्या शेरडांनी खाल्ल्या. निम्म्या हायती."

तेवढ्यात सुटीवर आलेला ज्ञानूचा फौजी भाऊ कृष्णात पुढे सरसावला. "फिकर नॉट, सर! पुन्यांदा बांधू." सुतळी दाताने तोडत तो झाडावर चढलासुद्धा.

तासाभरात फांद्या लटकल्या. पण पाला पार सुकलेला, त्यात चार फांद्यांचे शेंडे आभाळाकडे.

"उलट्या बांधल्यास की रं!" ज्ञानू खालून ओरडला.

कृष्णात खवळून वळला, गाठी सुटल्या आणि सगळं सुकलेलं वैभव कोयनेतून कऱ्हाडकडे निघालं. कृष्णातही त्यामागोमाग पाण्यात पडला.

तो निथळत वर आल्यावर साळूबाई म्हणाली, "आता आलाच हायसा, तर आमचा तरी फोटू काढा. पोराची हाडं मोडली असती तुमच्यापायी." मग कृष्णातचा गणवेशात सलाम ठोकतानाचा, ज्ञानूच्या कुटुंबाचा, साळूबाईचा म्हशीसकट, असे बारा फोटो झाले. रोल संपला.

विष्णुपंतांनी दात-ओठ खात वही उघडली आणि समोर होतं तेच काढलं. बोडका बुंधा, चुना, गेरू. कोळसा इतक्या रागाने ओढला की दोनदा कागद फाटला.

पुढच्या रविवारी प्रदर्शनात पांढऱ्या दाढीचे परीक्षक त्या चित्रासमोर उभे राहिले ते हलेचनात.

"माणसाने निसर्गाचा केलेला छळ!" ते गहिवरून म्हणाले. "फांद्या तोडून वर चुना फासला! कुणा निर्दयाचे हात असतील हे!"

"माजंच," मागून आवाज आला. आपलं झाड बघायला ज्ञानू धुतलेला पटका बांधून मुद्दाम सांगलीला आला होता. त्याने दोन्ही हात वर केले.

परीक्षकांना तो माणसाचा दोष स्वतःवर घेणारा विनम्र चित्रकार वाटला. त्यांनी ते हात हातात घेतले. "पहिलं बक्षीस याच चित्राला!"

ज्ञानूचा चेहरा उजळला. तो चित्राशेजारी उभ्या विष्णुपंतांकडे वळला. "मास्तर, काठाला आजून सात झाडं हायती तसली. कृष्णात कुऱ्हाडीला धार लावूनच बसलाय. सांजच्याला सुरू करतोय म्हनला."

व्यासपीठावरून विष्णुपंतांचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा ते धोतराचा सोगा धरून एसटी स्टँडकडे पळत होते आणि मागून ज्ञानू ओरडत होता, "आवं मास्तर, बक्षीस घ्या की! चुना हाय आमच्याकडं!"